रोपांची खुशाली

घरात भांडणं होतात, टोमणे मारले जातात, माहेरची उणीदुणी निघतात. ते सगळं मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे आणि तेवढंच ऐकवतही आले आहे. माझी जीभ काही गरीब नाही. पण समोर बसून, माझ्याच हातची भाजी खात, घरची माणसं आठवड्यामागून आठवडे मला फसवत राहतील असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. या गोष्टीला आता एक पावसाळा उलटून गेला. राग थोडा खाली बसला असेल म्हणून लिहायला घेतलं, तर पहिल्याच ओळीला कळलं की अजून बसलेला नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. राहायला दहिवलीत, शाळा कशेळ्याच्याही पुढे. जीप सोडली की वर थोडं चालावं लागतं. आम्ही दोघंच शिक्षक, मी आणि मुख्याध्यापक असलेले गुरुजी. माझ्या वर्गातली निम्मी मुलं गावातल्या शेतकऱ्यांची आणि निम्मी डोंगराकडच्या वाडीतली.

पहिलीच्या मुलांना ‘अ अननसाचा’ शिकवायचा मला मनापासून कंटाळा आहे. आमच्या वाडीतल्या कुठल्या पोरानं अननस बघितलाय? ‘ग गणपतीचा’ ठीक आहे, गणपती घरी येतो तरी. पण ‘श शहामृगाचा’ म्हटलं की मुलं माझ्याकडे अशी बघतात की मीच कुठूनतरी लांबून आले आहे. त्यांना आंबा माहीत आहे, फणस माहीत आहे, जांभळानं जिभा निळ्या झालेल्या असतात. म्हणून काही वर्षांपासून मी अक्षरं झाडावरून शिकवते. आंब्याचं झाड ज्या क्रमानं वाढतं त्या क्रमानं अक्षरं येतात. साहेब तपासणीला आले की कपाळाला आठ्या घालतात, मग मुलं वाचतात ते ऐकतात आणि चहा पिऊन जातात.

जूनमध्ये शाळा उघडली की प्रत्येकानं घरी खाल्लेल्या आंब्याची कोय आणायची. रायवळ, गोड, आंबट, कसलीही चालते. ती दुधाच्या रिकाम्या पिशवीत मातीत लावायची. फळ्यावर पहिला शब्द ‘कोय’. मग काही दिवस रोज उकरून बघायची घाई, आणि ती मी करू देते. एका कोयीतून मूळ बाहेर आलं की सगळा वर्ग तिथं वाकतो, आणि त्याच दिवशी ‘मूळ’ लिहायचं. मग कोंब. मग पान. आंब्याचं कोवळं पान तांबूस लाल असतं, लोंबतं, हाताला मऊ लागतं. चित्राच्या पुस्तकात ते हिरवं छापलेलं असतं. दर वर्षी एखादं पोर तावातावानं सांगतं की बाई, पुस्तक चुकलंय. मला त्याचा फार आनंद होतो. ‘पान लाल. कोंब लाल.’ एवढं मुलं जुलैत वाचू लागतात. माझा एकच नियम असतो, जे बघितलं नाही ते लिहायचं नाही आणि वाचायचंही नाही. फळ्यावर जे आहे ते बाहेर पिशवीत आहे, याची मुलांना खात्री पटली की अक्षराची भीती जाते.

त्या वर्षी वर्गात वाडीतली एक मुलगी होती. बारकी, केस तांबूस, बोलणं कमी आणि बघणं जास्त. तिची मोठी बहीणही माझ्याच हाताखालून गेली होती. त्यांचे आईवडील दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मुलं बरोबर जातात, मागं ठेवणार कुणाकडे? मोठी बहीण पहिलीत असताना दिवाळीपर्यंत शब्द वाचत होती. भट्टीवरून आली तेव्हा पाटी कोरी. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षी तेच, आणि एक दिवस ती यायची बंद झाली. माझा अनुभव असा आहे की मूल दिवाळीपर्यंत सुटे शब्द वाचत असेल तर भट्टीवर सगळं धुऊन जातं. पण एकदा का ते अख्खं वाक्य स्वतःचं स्वतः वाचू लागलं की मग ते जात नाही. कागदाचा कपटा दिसला तरी वाचतं. त्यामुळे या धाकटीला दिवाळीच्या आत वाक्यावर आणायचं, हे मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. गुरुजींना तसं सांगितलंही होतं, घरीही सांगितलं होतं. घरात सगळ्यांना ही मुलगी ठाऊक होती.

तिच्या कोयीतून एकाऐवजी दोन कोंब आले. रायवळ आंब्यात असं कधीकधी होतं. तिनं मला हाताला धरून नेलं आणि बोटानं दाखवलं.

“ही ताई. ही मी,” ती म्हणाली. पूर्ण जून महिन्यात ती माझ्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

प्रत्येक पिशवीला मी मुलाच्या नावाची पट्टी बांधली होती. रंगाच्या डब्याची पांढरी झाकणं कापून त्या पट्ट्या केल्या आणि जाड पेनानं मोठ्या अक्षरात नावं लिहिली. आपलं नाव ओळखणं हे वाचनातलं पहिलं घर. रोज सकाळी आपापली पट्टी शोधायची आणि रोपापाशी बसायचं.

जुलैत पावसानं शाळेच्या आवाराची भिंत एका बाजूनं बसली आणि गावातल्या शेळ्यांना रस्ता मिळाला. एका सकाळी येऊन बघते तर ओट्यावरच्या काही पिशव्या आडव्या, काही रोपांचे शेंडे गेलेले, आणि वर्गात रडारड. भिंत कधी होणार याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. घरी जेवताना मी हे सांगितलं. माझ्या धाकट्या दिराची खालापूरच्या बाजूला ओढ्याकाठी रोपवाटिका आहे, आंब्याची कलमं बांधण्यात त्याचा हात चांगला आहे.

तो लगेच म्हणाला, “वयनी, माज्याकडं आना की. जाळीखाली ऱ्हातील. बकरी नाय, काय नाय. गनपती झालं की परत आनून टाकतो.”

मला भरून आलं. मी या घरात आले तेव्हा हा शाळेत होता, माझ्या मागं मागं फिरायचा. शाळेच्या कामात घरातल्या कुणी आपणहून हात घातल्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्याच दिवशी तो टेंपो घेऊन आला. मुलांनी आपापली पिशवी स्वतः उचलून ठेवली. दोन कोंबवालीनं तिची पिशवी त्याच्या हातात दिली आणि पट्टी सरळ करून ठेवली.

आता रोपं डोळ्यांसमोर नाहीत, तर वाचायचं काय? मी मुलांना सांगितलं की पाहुण्यांकडे गेलेल्या माणसाची आपण खुशाली विचारतो ना, तशी मी दर सोमवारी रोपांची खुशाली आणीन. दीर रोज बघणार, मला सांगणार, मी फळ्यावर लिहिणार. माझा न बघितलेलं न लिहिण्याचा नियम होता, पण बघणारा घरचाच होता. माझ्या डोळ्यांऐवजी त्याचे डोळे, एवढाच फरक मला वाटला.

रविवारी रात्री जेवताना मी विचारायची, काय म्हणतात माझी रोपं? तो घास तोंडात ठेवून क्षणभर माझ्या नवऱ्याकडे बघायचा आणि सांगायचा. ‘पान आता हिरवं झालं.’ ‘काल खूप पाऊस आला, रोपं डोलली.’ ‘नवीन पान आलं.’ सोमवारी ती वाक्यं फळ्यावर जायची आणि वर्ग बोट फिरवत वाचायचा. मला कौतुक वाटायचं की दिराच्या बोलण्यात जोडाक्षर येतच नाही, कसं नेमकं मुलांना पेलेल असं बोलतो. मी हे गुरुजींना सांगितलं. शेजारच्या बाईंना सांगितलं. त्याच्या तोंडावरही सांगितलं, की तू शिक्षकच व्हायला हवा होतास. तो खाली बघून हसला.

मध्ये मी जाऊन यायचं म्हटलं होतं. एका रविवारी तो म्हणाला, औषध मारलंय, वासानं डोकं धरेल. दुसऱ्या रविवारी चिखल होता. पुढं घरात गणपतीची साफसफाई निघाली. कुणावर विश्वास असला की माणूस कारणं मोजत बसत नाही.

एका सोमवारी त्या मुलीनं मला विचारलं, “माज्या दोन कोंबांचं काय?”

मी घरी येऊन तेच विचारलं. दिरानं पुन्हा भावाकडे बघितलं, मग म्हणाला, “दोन कोंब उंच झाले. सांगा तिला.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम फळ्यावर फक्त तेवढंच लिहिलं. ‘माझे दोन कोंब उंच झाले.’ ती उठली, फळ्यापाशी गेली, टाचा उंच करून पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. एकेक शब्द सोडवत गेली. शेवटच्या शब्दापर्यंत पोचल्यावर परत मागं आली आणि सगळं वाक्य एका दमात म्हटलं. मग माझ्याकडे वळून हसली. तिला समजलं होतं, नुसतं वाचलं नव्हतं. मी पदर तोंडाला लावून खिडकीकडे तोंड केलं. पहिलीला शिकवणाऱ्या बाईला वर्षातून एखाददुसरा असा क्षण मिळतो.

त्या संध्याकाळी मी कशेळ्याच्या बाजारात उतरून अळूची पानं घेतली आणि दिराला आवडतात म्हणून अळूवड्या केल्या. तळत तळत सगळ्यांना ती गोष्ट सांगितली. ती टाचा उंच करून कशी उभी राहिली तेही करून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं गं. नवरा ताटाकडे बघत होता. दिरानं पुन्हा वड्या मागून घेतल्या. ते तिघं त्या वेळी काय विचार करत असतील हे मी नंतर इतक्यांदा मनात उलटंसुलटं केलं आहे की अळूची पानं बाजारात दिसली तरी मी पलीकडून जाते.

गणपती झाले. मी रोपांचं काढलं तेव्हा दीर म्हणाला, मीच नेऊन पोचवतो. ज्या दिवशी मी कर्जतला शिक्षण परिषदेला गेले होते, नेमका त्याच दिवशी तो टेंपो घेऊन शाळेत गेला. गुरुजींनी पट्ट्या वाचून रोपं वाटली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, रोपं आली, छान आहेत. मीही खूश झाले.

सकाळी शाळेत पोचले तर ती फाटकापाशी उभी होती. पायाशी काळी पिशवी, त्यात बोटाएवढ्या खोडाचं रोप. मला बघून तिनं ती पिशवी उचलली नाही, पायानं थोडी माझ्याकडे सरकवली.

“हे माजं नाय,” ती म्हणाली.

मी खाली बसून पट्टी बघितली. माझीच पट्टी, माझंच अक्षर. “अगं, नाव तुझंच आहे की. पिशवी बदलली असेल.”

“नाव माजं हाय. झाड नाय.” तिनं पिशवीतली माती बोटानं उकरून ठेवली होती. “कोय नाय यात. मी उबी लावली व्हती. आन दोन कोंब व्हतं. तुमी लिवलं व्हतं, उंच झाले.”

मी रोपाचं खोड बघितलं. ते आमच्या जूनच्या कोयीचं असणं शक्यच नव्हतं, वर्षभराचं तरी होतं. ओट्यावर सगळी रोपं ओळीनं ठेवलेली होती, सगळी एका मापाची, सगळ्यांना माझ्या पांढऱ्या पट्ट्या. लालसर पान एकाचंही नाही. ज्या रोपाचा शेंडा शेळीनं खाल्ला होता, त्याच्या पट्टीखालीसुद्धा शेंड्यासकट रोप.

“मी नाही गं बांधल्या या,” मी म्हटलं.

तिनं पट्टीवर बोट ठेवलं. “अक्षर तुमचं हाय.”

ती हे चिडून म्हणाली नाही. मी शिकवलं होतं तसं तिनं बघितलं आणि वाचलं.

दिवसभर दिरानं फोन उचलला नाही. नवऱ्याची मोहोपाड्याला कंपनीत दिवसपाळी होती. संध्याकाळी मी चपला न काढता ओटीवर बसून राहिले आणि दोघं आल्यावर तिथंच विचारलं.

दीर आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, “वयनी, माजं खुंट, ज्यावर कलम बांधतो ती रोपं, पान्यात कुजलं. पनवेलच्या नर्सरीवाल्याला कलमं द्यायची कबूल केली व्हती, थोडी कमी पडत व्हती. तुमची कोवळी व्हती, बरोब्बर बांधायच्या टायमाला आलेली. घेतली.”

“घेतली म्हणजे?”

“शेंडं उडवलं आन वर केशर आंब्याची काडी बांधली. मी काय फेकून दिली का? आमच्या धंद्यात कोय लावतात ती कापायलाच. खुंटाला कोन नावानं हाक मारतं?”

मी विचारलं की आणली त्याच आठवड्यात का. तो हो म्हणाला. म्हणजे पहिल्या खुशालीच्या आधीच. पान हिरवं झालं तेव्हा पान नव्हतं. पावसात डोलायला रोपं नव्हती.

“आणि दोन कोंबवालं?” मी विचारलं.

त्याचा चेहरा जरा उजळला, याचंच मला जास्त लागलं. “ते ध्यानात हाय ना माज्या. एक कोंब खुडला आन दुसऱ्यावर कलम केलं. लई जोमात आलं वयनी. सगळ्यात पयलं तेच फुटलं.”

मी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं हा आता भावावर ओरडेल. तो म्हणाला, “तू एवढं मनाला लावून घेऊ नकोस. पोरांचं वाचन अडू नये ही काळजी आम्ही घेतली होती. वाक्यं मीच सांगायचो त्याला. जोडाक्षर चालत नाही ना तुला?”

हे तो मला धीर द्यायला बोलला. त्याच्या आवाजात थोडी शाबासकीची अपेक्षासुद्धा होती. लग्न झाल्यापासून मी शाळेतलं काही सांगू लागले की हा टीव्हीचा आवाज वाढवतो. मी पहिलीला कसं शिकवते, आधी कुठली अक्षरं घेते, काय टाळते, हे त्याला कधी ऐकूच गेलं नसेल असं मी धरून चालले होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. नीट लक्ष देऊन ऐकलं होतं. आणि त्याचा उपयोग कशासाठी केला, तर मला पटेल असं खोटं रचायला. दिरानं माझी रोपं कापली त्याचा राग आला होता. नवऱ्याच्या या वाक्यानं मात्र मी गार पडले.

सासूबाई दारात उभ्या होत्या. “मी बोल्ले व्हते यांना, सांगून टाका तिला,” त्या म्हणाल्या. “पन तुजा तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबतो का गं? सनासुदीचं दिवस. म्हटलं, कशाला.”

म्हणजे शेवटी ते माझ्याच तोंडावर आलं. मी तिखट बोलते, म्हणून मला खरं सांगायचं नाही. मी त्या संध्याकाळी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही, शेजाऱ्यांना पाठ आहे. पण ज्यासाठी बोलत होते ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. त्यांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी रोपांसाठी भांडते आहे. दीर म्हणाला, हवी तेवढी रोपं देतो. मी सांगत होते की तुमच्या खोटेपणावर माझी मुलं वाचायला शिकली, त्या पोरीनं आयुष्यातलं पहिलं वाक्य वाचलं ते तुम्ही तिघांनी जेवताना बनवलेलं होतं. सासूबाईंनी विचारलं की भात लावू का.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सगळं सांगितलं. ही रोपं तुमची नाहीत, तुमची रोपं माझ्या घरच्या माणसानं कापली, मला माहीत नव्हतं. मुलं मोठ्या मनाची असतात. काहींना वाईट वाटलं, एक जण रडला, मग मधल्या सुट्टीत त्यांनी नवी रोपं भिंतीच्या कडेनं लावून टाकली आणि त्यांना पाणी घालू लागली. दोन कोंबवालीची काळी पिशवी तेवढी ओट्यावर राहिली.

ती मुलगी शाळेत येत राहिली. पण तिच्या वाचनात एक नवीन गोष्ट शिरली. मी फळ्यावर लिहिलं, ‘नळाला पाणी नाही.’ ती उठली, बाहेर गेली, नळ पिळून बघितला, परत आली, आणि मग वाचलं. ‘दारात गाय आहे’ लिहिलं की आधी दारात जायची. मुलं हसायची. गुरुजी म्हणाले, वा, बाई, चौकस आहे मुलगी, हे तर चांगलंच. मी हो म्हटलं. पण ती उठली की दर वेळी मी खडू खाली ठेवायची. बाकी मुलांना मी लिहिलेलं पुरत होतं. तिला ते पुरेनासं झालं होतं, आणि ते माझ्या घरानं केलं होतं.

आणि दिवाळी जवळ येत होती. पुस्तकातला धडा काढला, ‘एक होता राजा.’ तिनं पुस्तक मिटलं.

“कुठं हाय?” तिनं विचारलं.

“गोष्टीत आहे गं.”

“मग नाय वाचत.”

मी समजावलं, गोडीत घेतलं, एकदा रागावलेसुद्धा. तिला अक्षरं येत होती, शब्द येत होते, वाक्यही येत होतं. जे जाऊन बघता येत नाही ते ती वाचायला तयार नव्हती, एवढंच. भट्टीवर कुठली गाय आणि कुठला नळ मी लिहून देणार? तिथं तिच्याजवळ असलं तर एखादं पुस्तक असणार, आणि पुस्तकातलं सगळं न बघितलेलंच असतं. तिचं जे वाचन मी कडेवर घेऊन इथपर्यंत आणलं होतं ते असं दारात येऊन अडलं. दिरानं मधल्या काळात आमच्या अंगणात केशरचं एक कलम आणून लावलं. माफी म्हणून असावं, बोलला नाही. सासूबाई त्याला पाणी घालतात.

दिवाळीची सुट्टी संपता संपता मला कळलं की वाडीतली माणसं निघाली. शाळा बंद होती तरी मी पहिल्या जीपनं गेले. ओढ्याच्या अलीकडे टेंपो उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्यांची पाटी, बायका, पोरं सगळी वर चढत होती. ती मागच्या फळीला टेकून बसली होती, शेजारी तिची ताई. मी तिच्यासाठी एक चित्रांचं पुस्तक आणि एक पाटी नेली होती. पुस्तक तिनं घेतलं, चित्रं बघायला म्हणून.

मग मी पाटीवर लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. ‘मी तुझी वाट बघेन.’

तिनं इकडं तिकडं बघितलं नाही. बोटही ठेवलं नाही. तिच्या ताईच्या देखत तिनं ते सरळ, न अडखळता, मोठ्यानं वाचलं. माझ्या वर्गात त्या वर्षी कुणीच इतकं चांगलं वाचलं नव्हतं. ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, जिंकलं. आता जात नाही हे.

ती मात्र अजून पाटीकडेच बघत होती.

“बाई,” ती म्हणाली, “हे कुठं जाऊन बगू?”

टेंपोवाल्यानं हाक दिली. मी काहीतरी बोलले, काय ते मलाही आठवत नाही. तिनं पाटी माझ्या हातात परत दिली, रागानं नाही, जपून, अक्षरांवर बोट लागू न देता. येताना जीपमध्ये गर्दी होती. मी ती पाटी मांडीवर पालथी धरून बसले.